झील

२०२२ च्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात, हलक्या धानाची कापणी आटोपत आलेली आणि भारी धान अजून बांध्यांत पिवळे होत उभे असताना, आमच्या तहसील कचेरीच्या आवक नोंदवहीत एका अर्जाची नोंद करता करता माझी लेखणी मध्येच थांबली. अर्ज नेहमीचाच होता. भाऊबीजेपासून भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागल्या की असे अर्ज रोज येतात : अमुक गावची मंडई, अमुक तारखेची रात्र, ध्वनिक्षेपक लावण्यास पोलीस ठाण्याची इजाजत मागितली आहे, प्रत माहितीसाठी तहसीलदारसाहेबांकडे सादर. त्यातील ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ या रकान्यात नाटक, दंडार, खडी गंमत, कीर्तन, कव्वाली यांपैकी काहीतरी लिहिलेले असते आणि तो रकाना मी बहुधा न वाचताच पुढे जात असे. या अर्जात मात्र स्वच्छ अक्षरांत लिहिले होते : ‘दंडार, ब्लूग्रास व पंक रॉक.’ पहिला शब्द, म्हणजे आमच्याकडचे लोकनाट्य, माझ्या जन्माचा सोबती, दुसरा मी कधीही न ऐकलेला, आणि तिसरा ऐकलेला असूनही ज्याच्याविषयी माझ्या मनात आदर नव्हता असा. हे तिन्ही शब्द एका ओळीत बसविणारे कोण, हे पाहण्यासाठी मी मान वर केली, तेव्हा मेजापलीकडे तीन मुलगे आणि एक मुलगी उभी होती. त्यांतील एकाला मी ओळखले. ज्या शाहिराच्या खडी गंमतीत मी लहानपणी रात्र रात्र चटईवर बसून जागलो होतो, त्याचा तो नातू.

“मास्तर,” तो म्हणाला, “तुमी एक डाव आयकाले या ना.”

कचेरीत मला कोणी मास्तर म्हणत नाही. तेथे मी अव्वल कारकून. फेरफार, दाखले, जमाबंदीची बासने आणि साहेबांचे हुकूम यांत दिवस काढणारा. ‘मास्तर’ ही माझी रात्रीची संज्ञा. वरिष्ठांची लेखी परवानगी घेऊन, शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांच्या रात्री, जवळजवळ तीस हंगाम मी झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवीत आलो. ज्यांनी ही नाटके पाहिली नाहीत त्यांना एवढे सांगितले पाहिजे की, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या मुलखात दिवाळीपासून होळीपर्यंत, मंडई किंवा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्ताने, रात्री दहा-अकराला पडदा उघडून पहाटेच्या कोंबड्यापर्यंत चालणारे नाटक हा आजही गावाचा सर्वांत मोठा सोहळा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे त्या मंडळ्यांचे मुख्य ठाणे, आणि त्याच हंगामात, २०२३ च्या जानेवारीत, या रंगभूमीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्यासारख्या शेकडो अनाम वादकांनाही आपल्या बोटांचा सन्मान झाल्यासारखे वाटले. ऑर्गनवाला, तबलजी आणि अलीकडच्या काळात ऑक्टोपॅडवाला, असे आम्ही तिघे रंगमंचाच्या पायथ्याशी बसतो. नटाने रडावयाचे असेल तर त्याच्याआधी क्षणभर आम्हाला रडावे लागते. पद संपून वन्स मोअर आला तर तोच सूर, तीच लय पुन्हा तत्क्षणी उभी करावी लागते. आणि ज्येष्ठ नटाचा स्वर वयोमानाने उतरला असेल तर कोणास न कळत काळी दोनवरून पांढरी एकवर येऊन त्याची लाज राखावी लागते. या कामाने मला एक सवय लावली, ती म्हणजे रंगमंचाकडे पाठ फिरवून श्रोत्यांकडे कान ठेवण्याची. लोक कुठे खोकतात, कुठे गप्प होतात, कुठे ओळ स्वतःशीच गुणगुणतात, यावरून नाटक कसे चालले आहे हे मला नटांपेक्षा आधी कळते.

पुढच्या रविवारी मी गेलो. त्यांची तालमीची जागा म्हणजे एक बंद पडलेली राइस मिल. भिंतींवर कोंड्याची पिवळी धूळ, वर टिनाचे छत, आणि त्या छताखाली जो आवाज उठला त्याने मी प्रथम दोन पावले मागेच सरलो. शाहिराचा नातू ढोलकीवर होता आणि गातही होता. ड्रम वाजविणारा मुलगा लग्नाच्या वरातींत धुमाल वाजवून पोट भरणारा. नागपूरकडची धुमाल पार्टी ज्यांनी गाडीवरून जाताना ऐकली आहे त्यांना त्याच्या मनगटातील बळाची कल्पना येईल. मुलगी विजेची गिटार वाजवीत होती आणि गाणी तीच लिहीत होती. तिसरा मुलगा अभियांत्रिकी शिकून बंगळूरला नोकरी करीत असताना तिथून एक वाद्य घेऊन परत आला होता, त्याला तो बँजो म्हणत होता. आणि येथेच माझी पहिली फसगत झाली.

कारण बेंजो हा शब्द आपल्याकडे घरचा आहे. कोकणात आणि मुंबईत बेंजो पार्टी असते, गणपतीपुढे ती वाजते, त्यावर चित्रपटही निघाला. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून तारांवर वाजणारे ते वाद्य. परंतु ते मुळात जपानी आहे : १९१२ च्या सुमारास नागोयात गोरो मोरिता नावाच्या कारागिराने ‘ताइशोगोतो’ घडविले, ते समुद्रमार्गे येऊन आपल्याकडे बुलबुलतरंग झाले आणि वरातीत शिरून बेंजो झाले. या मुलाच्या हातातील अमेरिकी बँजो त्याहून निराळा. डफासारखे गोल, कातडे ताणलेले कडे, त्याला लांब दांडी आणि पाच तारा. त्यांतील पाचवी तार इतरांहून आखूड, दांडीच्या मध्यावर खुंटी असलेली, आणि ती अंगठ्याने अखंड छेडावयाची. तिचा स्वर बदलत नाही. इतर बोटे सुरावट विणीत असतात आणि अंगठा त्याच एका उंच स्वरावर परत परत येत राहतो. मी त्याला ती एकच तार पुन्हा वाजवून दाखविण्यास सांगितली आणि डोळे मिटून ऐकले. ते तुणतुणे होते. खडी गंमतीत शाहिराच्या मागे उभा राहून तुणतुणेवाला रात्रभर जे करतो, तेच हा अंगठा करीत होता.

त्या दुपारी त्या मुलाने मला ब्लूग्रासचा इतिहास सांगितला, आणि पुढे मी स्वतः जे वाचले त्याने तो पक्का झाला. केंटकी या प्रांताचा बिल मन्रो नावाचा मँडोलिनवादक. प्रांताच्या टोपणनावावरून त्याने आपल्या ताफ्याचे नाव ब्लूग्रास बॉइज ठेवले. १९३९ साली नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नभोवाणीवरील कार्यक्रमात तो दाखल झाला. आणि १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा तीन बोटांनी बँजो वाजविण्याची आपली रीत घेऊन त्याला येऊन मिळाला, तेव्हा ज्याला आज सारे जग डोंगरी अमेरिकेचे प्राचीन संगीत समजते ते खऱ्या अर्थाने जन्मास आले. म्हणजे ते माझ्या वडिलांच्या हयातीतले. त्यातील फिडल स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्यांचे, मँडोलिन इटलीचे, आणि बँजो तर आफ्रिकेतून साखळदंडांत आणलेल्या गुलामांच्या स्मृतीतून, भोपळ्यावर कातडे ताणून उभा राहिलेला. हे ऐकताना माझे लक्ष आपोआप माझ्या ऑर्गनकडे गेले. ज्या पेटीवर मी तीस वर्षे नाट्यपदे वाजविली तिचे कूळ युरोपातील. झाडीपट्टीची रंगभूमी तिच्यावाचून आज कल्पिता येत नाही, आणि तरीही आमच्या आजोबांच्या दंडारीत ती नव्हती. मग या मुलांच्या मिश्रणाकडे मी संशयाने पाहावे, हा अधिकार मला कोणी दिला?

मात्र संशय पूर्णपणे गेला नव्हता, आणि मंडईच्या रात्री तो खरा ठरला.

कार्यक्रमासाठी त्यांनी नागपूरहून मोठा ध्वनिसंच भाड्याने आणला होता. मंचाच्या दोन्ही बाजूंना माणसाहून उंच पेट्या, प्रत्येक वाद्यासमोर वेगळा मायक्रोफोन, आणि ध्वनी नियंत्रित करणारा मनुष्य असा की ज्याने जन्मात दंडार ऐकली नव्हती. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी असल्याने त्यांनी संध्याकाळचा वेळ घेतला होता. गायगोधन, गोवाऱ्यांची ढाल, बाजारातील लाह्या-बत्ताशांची दुकाने हे सारे आटोपून गाव मंचासमोर बसले आणि मुलांनी सुरुवात केली. आवाज प्रचंड होता. ढोलकी त्यात पार बुडाली, ‘दंडार’ हा शब्द ज्या गाण्याच्या नावात होता त्याच गाण्यात दंडारीचा मागमूस उरला नाही, आणि नातवाच्या गळ्यातील जी मूळ फिरत मला राइस मिलमध्ये सुखावून गेली होती ती इकडून तिकडे आदळणाऱ्या झांजांखाली चिरडली गेली. लोक उठून गेले नाहीत. आमची माणसे तशी उठत नाहीत. ती बसली, पाहत राहिली, तरुणांनी शिट्ट्याही मारल्या. परंतु मी माझ्या सवयीने श्रोत्यांकडे कान लावून बसलो होतो आणि मला तिकडून काहीच ऐकू येत नव्हते. पहिल्या रांगेतला वृद्ध शाहीर दुसऱ्या गाण्यानंतर उपरणे सावरून शांतपणे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर मी त्याच्या घरी गेलो. तो ओसरीवर बसला होता. नातवाची तक्रार त्याने केली नाही.

“पोरं बेस वाजवतेत, बाबू,” तो म्हणाला. “पन झील कोनं धरली? कोनंच नाही. मी एक ओळ म्हनतो, मांगचे तिघं ते उचलतेत, तवा मले दम घ्याले भेटते. झील नसली त शाहीर घंटाभरात मरते.”

झील म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. खडी गंमतीत सारे उभेच असतात, म्हणून ती खडी. शाहीर पुढे, ढोलकी आणि डफ बाजूला, मागे तुणतुणे आणि झीलकरी. गण झाला, गौळण झाली, मग कलगी आणि तुरा यांचा झगडा लागला की प्रश्नाला उत्तर आणि उत्तराला प्रतिप्रश्न असा तो तांबडे फुटेपर्यंत चालावयाचा, आणि प्रत्येक कडव्याचा शेवट झीलकरी उंच स्वरात झेलून लांबवीत. परंतु झील हे मी आजवर एक अलंकरण समजत होतो. ती शाहिराच्या फुप्फुसांची सोय आहे, त्या अर्ध्या मिनिटात तो पुढची ओळ जुळवितो, आणि त्याच अर्ध्या मिनिटात श्रोता, आधी ओठांत आणि मग मोकळ्या गळ्याने, गाण्यात शिरतो, हे मला त्या ओसरीवर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, प्रथम नीट समजले. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि तिची दंडार यांवर आयुष्य वेचले म्हणून आमच्यासारख्यांना आपल्या अंगणातील या गोष्टींची किंमत कळू लागली. पण काही गोष्टी शाहिराच्या धाप लागलेल्या छातीकडूनच कळतात.

मी मुलांना हे सांगितले तेव्हा ती रागावली नाहीत. बँजोवाला मुलगा बराच वेळ गप्प बसला, आणि मग त्याने मला एक चित्रफीत दाखविली. त्यात पाच वयस्क अमेरिकी पुरुष एकाच मायक्रोफोनभोवती अर्धवर्तुळात उभे होते. ज्याची गाण्याची पाळी तो पुढे झुके. त्याचे झाले की तो अंग चोरून मागे सरे आणि फिडलवाला पुढे येई. ध्रुपदाला सारे एकदम जवळ येत, डोक्याला डोके लागे इतके. ध्वनियंत्रणेवर कोणी नव्हते. कोण किती ऐकू यावा हे ज्याचे तो आपल्या पावलांनी ठरवीत होता. ड्रमही नव्हता : मँडोलिनवाला उलट्या ठोक्यावर तारा दाबून असा कोरडा टणत्कार काढी की त्यावरच लय चाले. मला त्या पाच परदेशी माणसांत खडी गंमतीचा फड दिसला. आमचे शाहीरही ध्वनिक्षेपक येण्यापूर्वी आणि आल्यानंतर असेच पुढे-मागे होत आले आहेत.

पुढचे तीन महिने, हंगामाच्या ज्या रात्री मला मोकळ्या मिळत त्या सगळ्या, मी राइस मिलमध्ये काढल्या. काय झाले ते तपशिलाने सांगणे मला अगत्याचे वाटते, कारण ‘संगम’ आणि ‘मिलाफ’ असे शब्द लिहिणे सोपे असते आणि प्रत्यक्षात तो एकेका स्वराचा, एकेका मात्रेचा तंटा असतो.

पहिला तंटा गिटारचा होता. दंडारीच्या चाली चार-पाच स्वरांत फिरतात. त्यांना कुठे जावयाचे नसते. ब्लूग्राससारख्या कंट्री संगीतातील स्वरसंघ मात्र सतत कुठेतरी निघालेले असतात, इथून तिथे आणि तिथून परत घरी. मुलीने सुरुवातीस प्रत्येक ओळीखाली तीन-तीन स्वरसंघ बसविले होते, ते गोड लागत, आणि त्या गोडव्याने चालीचा कणा मोडे. तोड तिनेच काढली, आणि ती ब्लूग्रासमधून न येता, ज्याच्याविषयी मला आदर नव्हता त्या पंकमधून आली. १९७४-७५ च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडन येथील बेकार, संतप्त पोरांनी जे संगीत सुरू केले त्यात गिटारवर पुष्कळदा फक्त षड्ज आणि पंचम एकत्र वाजवितात, गंधार गाळतात. गंधार नसल्याने तो ध्वनी ना हसरा ना रडवा, नुसता उभा असतो. आणि षड्ज-पंचम म्हणजे तर तंबोरा! तिने सारे स्वरसंघ काढून टाकले आणि एकाच जागी तो खरखरीत षड्ज-पंचम धरून ठेवला, तेव्हा त्यावर नातवाचा गळा असा मोकळा फिरू लागला की मी ऑर्गनवरची बोटे उचलली आणि ऐकत राहिलो. पंकविषयीचे माझे मत मी त्या रात्री बदलले.

दुसरा तंटा लयीचा, तो सहज मिटला. बँजोची बोटे आठ मात्रांचे तीन-तीन-दोन असे तुकडे पाडतात. आमच्या ढोलकीच्या केरव्यातही तोच झोक पुष्कळदा असतो. दोघे एकमेकांकडे पाहून हसले आणि संपले.

तिसरा तंटा मात्र दुःखाचा होता, कारण एका मायक्रोफोनपुढे ड्रमचा संच बसत नाही. धुमालवाला मुलगा त्या संचाचे हप्ते अजून फेडीत होता. त्याला कोणी काही म्हटले नाही, पण एके रात्री त्याने स्वतःच झांजा उतरविल्या, मग लहान ढोल बाजूला ठेवले, आणि शेवटी शाहिराच्या घरून आणलेला डफ मांडीवर घेऊन बसला. त्याचे हात धुमालीच्या ढोलाला सरावलेले. डफ त्या माराने दोन दिवसांत ढिला पडला. डफ तापवावा लागतो, हे त्याला कोणी शिकविले नव्हते.

याच काळात ती मुलगी कचेरीत येऊ लागली. समाजकार्याच्या अभ्यासक्रमासाठी तिला तिच्या गावच्या तलावाचे जुने दस्तऐवज पाहावयाचे होते. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेले हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली तेव्हा ते सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी’, म्हणजे आमच्या बोलण्यातले ‘मामा’ तलाव झाले. आज कित्येकांत गाळ भरला आहे, कित्येकांच्या काठावर अतिक्रमण चढले आहे. मी तिला अर्ज करावयास लावला, रीतसर शुल्क भरून घेतले आणि तिच्या गावचे निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला दिल्या. विदर्भाबाहेरच्या वाचकांना हे शब्द अपरिचित असतील. निस्तारपत्रकात गावकऱ्यांनी सामाईक जमिनीवर गुरे कशी चारावीत, सरपण आणि लाकूड कुठून घ्यावे हे नमूद असते. आणि वाजिब-उल-अर्जात पाण्याचे, वाटेचे, मासेमारीचे जे हक्क केवळ रिवाजाने चालत आले आहेत ते. महसूल संहितेत आजही दोन्हींना स्थान आहे. ती म्हणाली, “काका, यात लिहिलंय की हा हक्क आहे. पण वाट तर नांगरून टाकली.” मी तिला सांगितले की रिवाजी हक्काची मदार वहिवाटीवर असते, माणसे त्या वाटेने चालत राहिली तर नोंदीला अर्थ, नाहीतर नोंद दफ्तरात आणि वाट पिकाखाली. हे मी कारकून म्हणून बोललो. घरी परतताना मात्र वाटेत शाहिराची ओसरी लागली आणि माझेच वाक्य मला निराळे ऐकू येऊ लागले.

तिने त्या नकलेवरून गाणे रचले. कचेरीतल्या फारसी शब्दांची ती लांब माळ, गट क्रमांकांसह, तिने दंडारीच्या चालीवर बसविली, पंकच्या वेगाने म्हटली, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तलावाचे गावात प्रचलित असलेले नाव एवढाच एक शब्द झीलेसाठी मोकळा ठेवला. त्या कोरड्या सरकारी भाषेवर मी हयात घालविली. तिच्यात इतका आक्रोश साठला असेल हे मला कधी जाणवले नव्हते. जगात असे पूर्वीही झाले आहे, हे मला बँजोवाल्याने दाखवून दिले : लंडनमध्ये १९८२ साली निघालेल्या पोग्स या ताफ्याने परागंदा आयरिश मजुरांची गाणी पंकच्या आवेशात म्हटली, इलिनॉय प्रांताच्या एका गावातून आलेल्या अंकल टुपेलो या पोरांनी १९९० मध्ये १९३० च्या दशकातले मंदीच्या दिवसांचे गाणे आपल्या पहिल्या तबकडीवर उचलले. आणि आपल्याकडे दिल्लीच्या इंडियन ओशनने २००० सालच्या ‘कंदिसा’त नर्मदेचे गीत घेतले, मुंबईच्या अभंग रिपोस्टने संतांचे अभंग गिटारच्या साथीने तरुणांच्या तोंडी आणले. हे सारे मी त्या हंगामात रात्री जागून ऐकले. काही आवडले, काही नाही. पण या मुलांचे गाणे त्या सर्वांहून मला जवळचे वाटले याचे कारण त्यातील गट क्रमांक माझ्या हस्ताक्षरातले होते.

फेब्रुवारीत दुसरा कार्यक्रम झाला. बैलांच्या शर्यतींवरील बंदी २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयाने उठविल्यापासून शंकरपट पुन्हा भरू लागले होते आणि अशाच एका पटाच्या सायंकाळी, शर्यती संपल्यावर, नाटक उभे राहण्याआधीचा एक तास त्यांना मिळाला. मंच नव्हता. पटाच्या मैदानाच्या कडेला सारवलेली जागा, मधोमध एक मायक्रोफोन, मुलीच्या गिटारचा लहानसा ध्वनिवर्धक मागे तणसाच्या ढिगाजवळ, आणि माझा ऑर्गन एका बाजूला. त्यावर मी केवळ षड्ज धरून होतो. शाहिराला नातवाने आणून मागे, तुणतुण्यासह, उभे केले होते. म्हातारा नाखुशीने आला असावा. त्याने तुणतुणे काखेत धरले होते, वाजवीत नव्हता.

पहिली दोन गाणी ठीक झाली. ढोलकी ऐकू आली, एवढ्यावरच मी समाधान मानले. तिसरे तलावाचे. पहिल्या कडव्याच्या शेवटी नातू पावलाने मागे सरला, झीलेची जागा मोकळी सोडली, आणि ती मोकळीच राहिली. चार मात्रा, आठ मात्रा, नुसता बँजोचा अंगठा चालू. दुसऱ्या कडव्याला माझ्या मागून तुणतुण्याची तार टुणटुणली. बँजोच्या पाचव्या तारेहून ती किंचित उतरलेली होती. मी पाहिले नाही, पण ऐकले की खुंटी फिरते आहे, तार चढते आहे, आणि मग दोन्ही स्वर एक झाले. आणि जागा आली तेव्हा त्या फाटलेल्या, पण अजून उंच जाणाऱ्या गळ्याने तलावाचे नाव उचलले. त्याच्या पाठोपाठ बैलजोड्यांजवळ उभे असलेले दहा-पंधरा गडी. तिसऱ्या कडव्याला बायका. चौथ्या कडव्यात मुलीने तेथल्या तेथे गट क्रमांक बदलून शेजारच्या गावच्या तलावाचे नाव घातले, कारण त्या गावची माणसे डावीकडे बसलेली तिला दिसली होती, आणि डावीकडून जो स्वर उठला त्याने मला ऑर्गनवरचा षड्ज ऐकू येईनासा झाला. मी हात उचलून घेतले. त्यांना आधाराची गरज नव्हती.

नाटक उजाडेपर्यंत चालले. त्यात वाजविण्याचे माझे काम होतेच. पहाटे साहित्य आवरताना पाहतो तो मैदानाच्या कडेला तणसाची लहानशी शेकोटी पेटलेली होती. रात्रीच्या दवाने डफाचे कातडे सैल पडले होते आणि धुमालवाला मुलगा तो जाळावर धरून दर दोन क्षणांनी बोटाने टकटक करून पाहत होता. शाहीर त्याच्या शेजारी उकिडवा बसला होता, तुणतुणे मांडीवर.

“झालं का, आबाजी?” मुलाने विचारले.

म्हाताऱ्याने डफावर अंगठा फिरविला, कान जवळ नेला आणि मान हलविली.

“आखीन तपू दे,” तो म्हणाला.